फूता घाटातली जुलिया

बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाणारा फूता घाटाचा जुना रस्ता आज बराचसा मोकळा असतो. ३ डिसेंबर १९६० रोजी या दोन शहरांमधला ए-१ महामार्ग सुरू झाला, ट्रक आणि बसगाड्या बोगद्यांकडे वळल्या, आणि आपेनाइन डोंगरातला हा रस्ता घाई नसलेल्यांसाठी उरला. २०१५च्या डिसेंबरात त्या महामार्गालाही आणखी सरळ, आणखी लांब बोगद्यांचा पर्याय मिळाला. जुन्या रस्त्याची वळणं मात्र तशीच आहेत. पियानोरो, लोयानो, मोंगिदोरो अशी गावं घेत तो रातिकोझाच्या खिंडीत ९६८ मीटरवर पोचतो, थोडा उतरतो, फूताच्या खिंडीत ९०३ मीटरवर येतो आणि तिथून तोस्कानाकडे उतरू लागतो. मिल्ले मिल्या ही ब्रेशा ते रोम आणि परत अशी हजार मैलांची शर्यत १९५७पर्यंत धावायची, तेव्हा रोमहून परतणाऱ्या गाड्या याच खिंडी ओलांडून बोलोन्यात उतरत.

या रस्त्यावर मी एक जुनी आल्फा रोमिओ चालवते. जुलिया स्प्रिंट जीटी, साठच्या दशकातली, पांढरी, १५७० सीसी. कारखान्याच्या कागदावर १०६ हॉर्सपॉवर आणि वजन साधारण ९५० किलो. त्याच कंपनीने २०१६ साली जुलिया नावाचीच जी जोरकस गाडी आणली, तिची ताकद आहे ५१० हॉर्सपॉवर. ही दुसरी गाडी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण फूताच्या चढावर, पाट्यांवर लिहिलेल्या वेगात, तिच्या ताकदीला कामच मिळत नाही. जुन्या जुलियाला ताशी ६० किलोमीटरलाही भरपूर काम असतं, आणि तिच्याबरोबर मलाही. इंजिन कुठल्या आवाजात आहे, पुढचं वळण कितपत आवळलेलं आहे, गिअर आत्ता बदलायचा की क्षणभर थांबून, ब्रेकवर पाय कधी ठेवायचा, हे सगळं माझ्यावर असतं. आजच्या गाड्या हे काम आपल्याकडून काढून घेतात. रोज ऑफिसला जाताना मला ते हवंच असतं. रविवारी सकाळी मला ते काम परत हवं असतं.

गाडी माझी नाही. इथे मी पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. बोलोन्याच्या आसपास असे कारखाने पुष्कळ आहेत. माझ्याच टीममधल्या एकाच्या वडिलांची ही गाडी. घरातली नातवंडं त्यांना नोन्नो म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य फिटर म्हणून गेलं, आणि आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत. मुलाला गाडी आवडते, पण चालवायला आवडत नाही. उभी राहिली की अशी गाडी आतून बिघडायला लागते: सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टाकीत पेट्रोल शिळं होतं. म्हणून ती कुणीतरी नियमित चालवायला हवी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत मी गाड्यांबद्दल इतकं विचारत असे की त्यांच्या मुलाने एक दिवस मला थेट घरीच नेलं. नोन्नोंनी मला एकच प्रश्न विचारला, ‘पहिली गाडी कुठली चालवलीस?’

पहिली गाडी होती ठाण्यातली, आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी. ते उत्तर ऐकून त्यांनी किल्ली पुढे केली. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००, त्यांच्या तरुणपणी इटलीत घरोघरी असलेली गाडी. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती आमच्यासाठी पुढे कित्येक वर्षं बनत राहिली आणि मुंबईत काळी-पिवळी होऊन २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावली. तिच्या स्टीअरिंगवरच्या गिअरला हात कसा हलका ठेवावा लागतो, सकाळी चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे मी बाबांच्या शेजारी बसून शिकले होते. बाबा म्हणायचे, ‘गिअर रेटायचा नाही, तो आपणहून जातो. तू फक्त वाट दाखव.’ जवळपास याच शब्दांत नोन्नोंनी मला आल्फाचा दुसरा गिअर शिकवला.

आता थोडं गाडीच्या रूपाबद्दल, कारण ती उभी असतानाही बघत राहावीशी वाटते. गाड्यांची रूपं आखणाऱ्या बेर्तोनेच्या स्टुडिओत हिचा आराखडा काढला तो जॉर्जेत्तो जुजारोने. जन्म १९३८चा, आणि गाडी लोकांसमोर आली १९६३च्या सप्टेंबरात, म्हणजे तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा. पुढे त्याचं काम आपल्याकडच्या रस्त्यांवरही आलं. फियाट उनो त्याचीच आणि मटीझसुद्धा. जुलियाच्या बॉनेटची पुढची कड खालच्या पत्र्यात मिसळत नाही, तिथे एक बारीक पायरी आहे. बोट फिरवलं की कळते. नंतरच्या गाड्यांमध्ये कंपनीने ती पायरी काढून टाकली आणि माझ्या मते चूक केली, कारण त्या एका कडेमुळे सगळा चेहरा जागा होतो. छताचे खांब इतके बारीक आहेत की आत बसल्यावर चारी बाजूंचा रस्ता दिसतो. आजच्या गाडीत कॅमेऱ्याशिवाय मागे बघवत नाही. इथे मान वळवली की पुरे.

सुरू करायची पद्धत ठरलेली आहे. आठवडाभर उभी असेल तर कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं. पेट्रोलचा पंप इंजिनवर चालणारा, त्यामुळे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल वर येत नाही. थोडा वेळ नुसता सेल्फ मारायचा, थांबायचं. मग अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा खालपर्यंत दाबायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधले छोटे पंप चारही तोंडांत पेट्रोलची पिचकारी सोडतात. पुन्हा किल्ली. आधी एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, आणि मग चौघं एकदम. गॅरेजभर पेट्रोलचा वास पसरतो. त्या दिवशी माझ्या जाकिटालाही तो असतो, आणि घरी आल्यावर जाकीट बाल्कनीत टांगावं लागतं.

नंतरचा पाऊण तास हा गाडीच्या तब्येतीचा. पाण्याचा काटा लवकर चढतो, पण तेल गरम व्हायला वेळ लागतो. या इंजिनाचा तळ म्हणजे ऑइलचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं, पात्यापात्यांचं आहे. तेल थंड राहावं म्हणून तसं केलं. ते जमिनीच्या फार जवळ लोंबतं, त्यामुळे प्रत्येक गतिरोधक तिरका, एकेक चाक करून घ्यायचा. १६ जानेवारी २०२४ रोजी बोलोन्यात बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली, तेव्हा शहरात बरीच ओरड झाली. या गाडीला मात्र ती मर्यादा मानवली. थंड इंजिन तसंही पळवायचं नसतं. शहर संपेपर्यंत ती आपल्या चालीने गरम होते, आणि सावेना नदीच्या काठाने पियानोरोकडे निघालं की गिअरबॉक्सही सैल पडतो.

गिअरबॉक्सबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या गाडीचा स्वभाव तिथे आहे. १९६३ साली पाच गिअर ही चैनीची गोष्ट होती. दांडी पुढून, डॅशबोर्डच्या खालून तिरपी आपल्याकडे येते आणि मूठ नेमकी हाताशी असते. तिसरा, चौथा, पाचवा गिअर मनगटाने पडतात. दुसरा मात्र या सगळ्या जुन्या आल्फांचा दुखरा भाग. गिअरचे दात जुळायला मदत करणारी त्याची सिंक्रोनायझर रिंग सगळ्यांत आधी झिजते, आणि थंड गाडीत घाई केली की दात करकरतात. उपाय जुनाच आहे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. आपल्याकडे एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना हा डबल क्लच अंगवळणी पडलेला असे. लोयानोच्या आधीच्या चढावर नोन्नो शेजारी बसून, डोळे रस्त्यावर ठेवून नुसतं म्हणतात, ‘आता.’ ते ‘आता’ इंजिनाच्या आवाजावरून येतं. हल्ली ते बोलायच्या आधीच माझा हात निघालेला असतो, आणि ते बोलत नाहीत.

लोयानो मागे पडलं की रस्ता खुला होतो. दोन्ही बाजूंना ओक आणि चेस्टनट, मधूनच एखादं दगडी घर, आणि खाली दऱ्यांचे राखाडी कडे. इथे मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलतो. खाली तो फक्त घोगरा असतो. वर गेला की त्यात धातूचा एक स्वच्छ सूर मिसळतो. या इंजिनाची मूळ जात १९५४च्या जुलिएत्ता स्प्रिंटमध्ये आली. ओरात्सिओ सात्ता पुलिगांच्या हाताखालच्या मंडळींनी ते घडवलं. सबंध ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत ओतीव लोखंडाचे लायनर, वर व्हॉल्व्ह उघडणारे, साखळीने फिरणारे दोन कॅमशाफ्ट, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आतून पोकळ आणि उष्णता वाहून नेण्यासाठी त्यांत सोडियम. तोवर शर्यतीच्या गाड्यांत असायचं ते सगळं त्यांनी मध्यमवर्गीय माणसाच्या गाडीत दिलं आणि हे इंजिन जवळजवळ चाळीस वर्षं, वेगवेगळ्या आकारांत, बनत राहिलं. एखाद्या गोष्टीत इतका अभ्यास आधीच भरलेला असला की ती चालवणाऱ्यालाही शहाणी करते.

उतारावर खरी परीक्षा. पुढे डाव्या हाताला आवळलेलं वळण दिसतं. ब्रेक चारही चाकांना डिस्कचे आहेत, पण आजच्यासारखे बोटभर दाबून लागत नाहीत. पायात जोर धरावा लागतो. पेडल जमिनीतून वर आलेली आहेत, त्यामुळे उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाची टाच वळवून अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची. इंजिन फुत्कारतं, तेवढ्यात तिसऱ्याचा दुसरा होतो, क्लच सुटतो आणि गाडीला हिसका बसत नाही. मग ब्रेक सोडून स्टीअरिंग. टायर जेमतेम १५५ मिलिमीटर रुंद, म्हणून गाडी काय करणार ते ती आधी सांगते: बाहेरच्या बाजूला सावकाश कलते, चाकावरचं वजन हाताला कळतं, मग धरते. वळणाच्या पोटात आलो की थोडी थोडी रेस, आणि मागची चाकं गाडीला बाहेर ढकलतात. स्टीअरिंगला कसलीही मदत नाही. पार्किंगमध्ये दंड भरून येतात, पण इथे रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा तळहाताला लागतो. हे सगळं होतं तेव्हा वेगाचा काटा ६५च्या आसपास असतो. मागून येणारी साधी हॅचबॅकसुद्धा मला सहज ओलांडून जाईल. जाऊ दे.

फूताच्या खिंडीत आम्ही थांबतो, कारण तिथे गाडीला श्वास घेऊ द्यायची नोन्नोंची सवय आहे. या खिंडीत जर्मन सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, तीस हजारांहून जास्त थडग्यांची. १९४४च्या शरदात जर्मनांची गॉथिक लाइन ही बचावाची फळी इथून गेली होती. याच डोंगररांगेत, पूर्वेच्या बाजूला, आठवी इंडियन डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. त्यातल्या नामदेव जाधवांनी पुढच्या वसंतात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इथल्याच डोंगरातून सपाटीवर उतरणाऱ्या सेनिओ नदीवर जे केलं त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातला एक तरुण या नदीपर्यंत आला होता, हे मी नोन्नोंना सांगितलं तेव्हा त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं आणि नीट म्हणून दाखवलं. युद्ध संपलं त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांत या देशाने ही गाडी बनवली, हे त्या थडग्यांच्या शेजारी उभं राहून जास्त जाणवतं.

गाडीचं ट्यूनिंग वर्षातून दोनदा, आणि ते नोन्नो स्वतःच करतात. या गाडीवर दोन वेबर कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे सिलिंडरमागे एक. एदोआर्दो वेबरने आपला कारखाना १९२३ साली बोलोन्यातच काढला होता, त्यामुळे इथल्या जुन्या फिटरांना ही वस्तू घरची आहे. एअर फिल्टरचा डबा काढला की चारही तोंडं उघडी पडतात. नोन्नो हातभर रबरी नळी घेतात, एक टोक कानाला, दुसरं पहिल्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेची सूं ऐकतात. मग दुसरं, तिसरं, चौथं. दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांडीवर एक छोटा स्क्रू आहे. तो ते किंचित, अगदी केसभर फिरवतात आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. बाजारात यासाठी मोजमापाचं उपकरण मिळतं. त्यांच्याकडेही आहे, फळीवर, आणि शेवटी तपासायला ते लावतात. मला त्यांनी आधी नळी दिली. पहिल्यांदा चारही आवाज मला सारखेच वाटले. ‘जोर ऐकू नकोस, सूर ऐक,’ ते म्हणाले. बऱ्याच वेळाने तिसऱ्या आणि चौथ्या तोंडाचा सूर पहिल्या दोघांपेक्षा जरासा खाली असल्याचं मला कळलं. स्क्रू फिरला, सूर जुळला, आणि आयडलिंगला थरथरणारं बॉनेट स्थिर झालं. माझ्या कामात मी रोज सेन्सरचे आलेख बघते. त्या दिवसापासून आलेख बघतानाही मी यंत्राजवळ जाऊन उभी राहते.

अशा गाडीचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, धडक बसली तर पत्रा आणि तुम्ही. म्हणून पावसात मी ती काढत नाही आणि मागच्या सीटवर मुलांना बसवत नाही. धुरात जे बाहेर पडतं ते आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा वाईट असतं. वर्षभरात ती थोडीच चालते म्हणून ते मनाला पटतं, एरवी पटलं नसतं. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या मऊ होतात, त्या सगळ्या बदलून घ्याव्या लागल्या. भारतात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्या जपणाऱ्यांना हीच काळजी लागली आहे. आणि गंज. साठच्या दशकातल्या इटालियन पत्र्याला गंजाचं वरदानच होतं म्हणायचं. दाराखालचे पत्रे नोन्नोंनी स्वतः कापून नवे जोडले आहेत.

इटलीत तीस वर्षांवरच्या गाडीला रस्त्याचा कर माफ आहे, आणि १९६६ साली स्थापन झालेली ‘आसी’ ही संस्था अशा गाड्यांना ऐतिहासिक असल्याचं प्रमाणपत्र देते. आपल्याकडेही २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. गाडी वारसा आहे, हे सरकारने मानणं चांगलंच. माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रकारच्या जपणुकीशी. या गाड्यांच्या किमती चढल्या तशा त्या विकत घेऊन, वातानुकूलित गोदामात झाकून ठेवणारे लोक वाढले. किलोमीटर वाढले की भाव उतरतो म्हणून गाडी हलवायचीच नाही. आरेझेला आल्फाचं संग्रहालय आहे, २०१५मध्ये नव्याने उघडलेलं. ते मी मनापासून बघितलं आहे, प्रत्येकाने बघावं. पण तिथल्या स्प्रिंट जीटीसमोर उभी राहिले तेव्हा मला एवढंच सुचलं की हिचा दुसरा गिअर कसा पडतो, हे या दालनातल्या कुणालाच कळणार नाही. ते ज्ञान पत्र्यात नाही. ते नोन्नोंच्या कानात आहे आणि आता थोडं माझ्या उजव्या पायात.

मध्यंतरी जर्मनीतून एकाने निरोप पाठवला, चांगली किंमत देतो म्हणाला. मुलाने वडिलांना विचारलं. नोन्नोंनी उलट विचारलं, तो चालवणार आहे का? उत्तर आलं की गाडी संग्रहात जाईल. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या गिअरची रिंग मात्र आता खरंच संपत आली आहे. डबल क्लच करूनही कधी कधी करकर होते. नोव्हेंबरात खिंडीत बर्फ पडायच्या आधी गिअरबॉक्स खाली उतरवायचा असं ठरलंय. नोन्नोंना खाली वाकवत नाही, म्हणून ते खुर्चीवर बसून सांगणार, आणि गाडीखाली मी. नव्या रिंगा आल्या आहेत, त्यांच्या टेबलावर तेलकट कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. परवा त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘जुने कपडे आहेत ना तुझ्याकडे?’